स्पीडबॉल पेंटबॉल: स्नेक की डोरिटो साइड?

टेक्ससवासी: मंडळी, इथे कॉलेजच्या पेंटबॉल क्लबात शिरलोय. रंगाच्या गोळ्या मारून समोरच्यांना आउट करायचं; त्यातला स्पीडबॉल, म्हणजे हवा भरलेल्या आडोशांच्या छोट्या मैदानावरचा प्रकार, खेळतो. उंची सहा फूट, गुडघे कुरकुरतात, तरी कॅप्टन दर वेळी स्नेकमध्येच पाठवतो. निम्म्या वेळा पोचायच्या आधीच आउट. साइड बदलून मागू का?

बॅकसेंटर_बाबा: माग की बिनधास्त. स्नेक म्हणजे मैदानाच्या एका कडेला जमिनीलगत आडव्या बंकरांची, म्हणजे आडोशांची, रांग. तिथे पोटावर सरपटायचं, त्यामुळे बुटका, चपळ गडी बरा. पलीकडच्या कडेला डोरिटो, म्हणजे उभे त्रिकोण. एकातून दुसऱ्यात धाव घ्यायची असते, तिथे लांब टांगा कामाला येतात. पण वर निमुळते असतात हं! खांदे आवळून बसायला शीक. बंदुकीवरच्या गोळ्यांच्या डब्यावर, म्हणजे हॉपरवर, गोळी फुटली तरी आउटच.

मात्र पोचायच्या आधी आउट होतोस, हे दुखणं साइड बदलून जाणार नाही. समोरच्या टीमचा मागे थांबणारा गडी सुरुवातीलाच दोन बंकरांमधल्या फटीत पेंटची धार लावतो, सेकंदाला दहाएक गोळ्या. याला लेन म्हणतात. मॅचआधी एका मित्राला समोरच्या स्टार्टवर उभं कर आणि तू आपल्या धावेच्या वाटेवरून सावकाश चाल. त्याचा मास्क मधल्या उंच बंकरामागे दिसेनासा होतो, तेवढा टप्पा तुझा. दिसू लागला की वाकून पळ, नाहीतर वाट बदल. बहुतेक नवखे हे न बघताच नाकासमोर सुटतात.

डावखुरी: बाबा, स्नेकची फार निंदा केलीत! मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत स्नेकमध्ये पोचलं, की डोरिटोमागे लपलेल्यांची उघडी कूस दिसते. एकटी तिघांना काढते. अर्थात गुडघे दुखत असतील तर नकोच, पॅड घालूनही.

आणि हात. मैदानाचे दोन्ही अर्धे आरशातल्यासारखे असतात. स्नेक तुझ्या डावीकडे असेल, तर तिथून आतल्या अंगाला उजव्या हाताने मारणं सोपं, डोरिटोतून डाव्या. टोकं बदलली की सगळं उलटं. एकाच हाताने मारणारा खेळाडू अर्धी मॅच कोपर बाहेर काढून बसतो.

टेक्ससवासी: डावा हात अगदीच कच्चा आहे. सराव कसा करू?

डावखुरी: पेंट न भरता. बंकरामागे बस, मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, डाव्या हातात धर, आधी फक्त डोळा आणि नळी बाहेर काढ. कोपर दिसलं की मित्राला ओरडायला सांग.