शब्दचर्चा : ‘असमानता’ की ‘असमता’? आणि बांध धरून की सोडून?

टिळकवाडी, बेळगावहून प्रश्न
मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या धड्यात ‘इनइक्वालिटी’ (बरोबरच्या जागी ‘पेक्षा कमी’ किंवा ‘पेक्षा जास्त’ असलेली मांडणी) आली आणि तिनं विचारलं, “बाबा, ह्याला आपल्यात काय म्हणतात?” मी ‘विषमता’ म्हणालो. ती हसली. ते समाजशास्त्रात, म्हणाली. शिवाय ‘विषम’ म्हटलं की तीन, पाच, सात आठवतात. मग शब्द कुठला?

निपाणीहून
पुस्तकी शब्द ‘असमानता’, ‘असमता’ही चालतो. मला दोन्ही थोडे अडचणीचे वाटतात. ‘समीकरण’ हे एका वस्तूचं नाव आहे, कागदावर लिहिता येतं, सोडवता येतं. ‘असमानता’ मात्र एखाद्या परिस्थितीचं नाव वाटतं. “खालील दोन असमानता सोडवा” हे वाक्य सरकारी अहवालातलं वाटतं की नाही? हिंदीवाल्यांनी ‘असमिका’ केलाय. उसना का असेना, मला तो आवडतो.

खानापूरहून, निवृत्त गणित शिक्षिका
नावावरून मुलं अडत नाहीत हो. अडतात ती ‘पेक्षा’, ‘पर्यंत’, ‘निदान’ यांच्यापाशी. “दहा तारखेपर्यंत फी भरा” यात दहा तारीख धरलेली असते. “पुलापर्यंत जा” म्हटलं की पुलावर चढायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवायचं! मी वर्गात शेताचं उदाहरण घ्यायची. दोन एकर म्हणजे 80 गुंठे. सोयाबीन क्ष गुंठे, मका य गुंठे. क्ष + य = 80 म्हटलं तर एक गुंठाही पड राहता कामा नये. क्ष + य ≤ 80, म्हणजे 80 किंवा त्याहून कमी, म्हटलं की पड ठेवायची मुभा मिळाली. म्हणून आलेख काढला तर समीकरणाचं उत्तर नुसती रेघ, आणि इथं रेघेसकट तिच्या एका अंगाचा सगळा भाग, म्हणजे अर्धप्रतल. गुंठे उणे नसतात, म्हणून आपल्या कामाचा त्यातला त्रिकोण तेवढा: (0, 0), (80, 0) आणि (0, 80) यांच्यातला.

येळ्ळूरहून
बाई, बरोबर बोललात बगा. आमच्यात मोजणीला हेच भांडण असतंय, बांध धरून का बांध सोडून! ≤ म्हणजे बांध धरून, रेघ ठसठशीत. नुसतं < म्हणजे बांध सोडून, रेघ तुटक. झालं की.

खानापूरहून, पुन्हा
वा, हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. आता कुठलं अंग आपलं, ते बघायला एक बिंदू घालून बघायचा. बहुतेकदा (0, 0) सोपा. पण “मका सोयाबीनच्या दुपटीपेक्षा कमी”, म्हणजे य < 2क्ष, असं आलं तर रेघ (0, 0) मधूनच जाते. बांधावर उभं राहून शेत कुणाचं ते कसं कळणार? मग (10, 10) घ्या: 10 < 20, खरं. ज्या अंगाला हा बिंदू, ते अंग आपलं. आणि उणे संख्येनं भागलात तर चिन्ह फिरवा, −य > −2क्ष चं य < 2क्ष होतं. इथं निम्मा वर्ग चुकतो.

निपाणीहून
चिन्हांच्या इतिहासातही आधी बांध सोडून, मग धरून. > आणि < ही इंग्रज गणिती हॅरियटच्या 1631 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापलेल्या ग्रंथात आली. बरोबरीची रेघ जोडलेली चिन्हं फ्रेंच गणिती बूगेनं वापरली ती 1734 मध्ये. बांध धरायला शंभर वर्षं लागली म्हणायची.

शहापूर, बेळगावहून
एक उपप्रश्न. आपण ‘आलेख’ म्हणतो, शेजारची कन्नड शाळेतली पोरं ‘नक्षे’ म्हणतात, चलाला, म्हणजे क्ष, य यांना, ‘चराक्षर’. आधी मला नक्षे म्हणजे नकाशाच वाटायचा. पण वरचं वाचल्यावर वाटतं, इथं तोच शब्द जास्त शोभतो. आलेख म्हटलं की वर-खाली जाणारी रेघ दिसते, नक्षे म्हटलं की जागा दिसते. उत्तराच्या भागाला पुस्तकातला ‘छायांकित भाग’ मात्र कुणी बोलत नाही. आम्ही ‘रेघोट्या मारलेला’ म्हणायचो.

टिळकवाडीहून
सगळ्यांचे आभार. मुलीनं वहीच्या समासात लिहून ठेवलंय: “ठसठशीत – बांध धरून. तुटक – सोडून.” नाव मात्र ती अजून ‘इनइक्वालिटी’च म्हणते.