मदत हवी आहे: भाचीच्या उपचारांसाठी पैसे कसे उभे करावेत? (ऐरोली)

नमस्कार मंडळी. माझी भाची बावीस वर्षांची, ऐरोलीला राहते. पडून घोटा मोडला होता. हाड जुळलं, पण दुखणं उलट वाढलं. निदान झालंय सीआरपीएस, म्हणजे इजा भरून आली तरी मज्जासंस्था वेदनेचे संदेश पाठवतच राहते. पंख्याचा वारा लागला तरी पायाची आग होते. मोजा घालवत नाही, पाय कधी लालबुंद, कधी थंडगार. (आणि भेटायला येणारे म्हणतात, "दिसतेस तर छान की!" काय बोलायचं?)

गोळ्या, फिजिओथेरपी, नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ द्यायचं बधिर करणारं इंजेक्शन) सगळं झालं. आता मणक्यात बसवायच्या स्टिम्युलेटरचा, म्हणजे सौम्य विजेने वेदनेचे संदेश दाबणाऱ्या यंत्राचा, सल्ला आहे. आधी तात्पुरती तार घालून चाचणी, गुण आला तरच कायमचं यंत्र. खर्च लाखांत, आणि ताईची बचत संपलीय.

मिलाप किंवा केटो या लोकांकडून ऑनलाइन देणग्या गोळा करायच्या साइट्सचा कुणाला अनुभव आहे का? पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जावेत असं मला वाटतं, कारण नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम स्वतःच्या खात्यात आली तर कराचा प्रश्न येतो. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कुणी अर्ज केलाय? धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, पण यंत्राची किंमत त्यात धरतात का? रेशनकार्ड केशरी आहे.

देणगी आत्ता मागत नाहीये. ठाणे-नवी मुंबईत आणखी एका पेन स्पेशालिस्टचं मत घ्यायचंय, तेही सुचवा.