आरएसव्हीची लस: ३३व्या आठवड्यात कशासाठी?

मंगला (बी-३०४): शुभदाताई, लेक अमेरिकेत आहे, गरोदरपणाचा ३३वा आठवडा लागलाय. तिला आरएसव्हीची, म्हणजे बाळांच्या श्वासाला त्रास देणाऱ्या विषाणूवरची, लस घ्यायला सांगितलीय. आमच्या वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं असायचं. जीव घाबरा झालाय.

नंदू (ए-१०१): काकू, नीट चौकशी करा. १९६६ मध्ये तिथेच ह्या आजाराची लस दिलेली बाळं जास्त आजारी पडली होती.

डॉ. शुभदा (सी-६०१): नंदू, खरं आहे ते. लस दिलेल्या ज्या बाळांना पुढे लागण झाली, त्यांतल्या ८० टक्के बाळांना ॲडमिट करावं लागलं. दोन दगावली. पण मंगलाताई, चूक कुठे झाली ते नंतर कळलंय.

ह्या विषाणूवर एफ नावाचं प्रथिन असतं, फोल्डिंगच्या छत्रीसारखं मिटलेलं. पेशीला भिडलं की खटकन लांब होतं, पेशीत रुततं आणि विषाणूला आत शिरायला वाट करून देतं. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला धरणारं शरीराचं प्रथिन, ओळखते तो आकार. मिटलेल्या छत्रीचं टोक तिने धरलं की छत्री उघडतच नाही, विषाणू बाहेर अडकतो. जुन्या लसीत फॉर्मॅलिनने मारलेला विषाणू होता, त्यातल्या बहुतेक छत्र्या आधीच उघडलेल्या. त्या बघून शरीराने केलेल्या अँटिबॉडी चिकटायच्या, पण विषाणूला रोखायच्या नाहीत.

सुनील (बी-२०२): मग मिटलेलीच का नाही दिली?

डॉ. शुभदा: राहतच नव्हती ना मिटलेली! वेगळी काढली की उघडायची. २०१३ मध्ये मॅक्लेलन, ग्रॅहम ह्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डी२५ नावाच्या अँटिबॉडीने धरून ठेवलेल्या एफचा आकार पाहिला. मग प्रथिनात मोजके बदल करून ते मिटलेलंच राहील असं केलं. मला हे काम फार मोठं वाटतं. फायझर, मॉडर्नाच्या कोविड लसींत कोरोना विषाणूचं स्पाइक नावाचं प्रथिन असंच बांधून ठेवलंय. आपल्या कोविशील्डमध्ये तो बदल नव्हता.

मंगला: पण लस आईला, आजार बाळाला?

डॉ. शुभदा: आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात. त्याला दोनेक आठवडे लागतात. वेळेआधी प्रसूतीची शंका नको म्हणून ३२ व्या आठवड्याआधी देत नाहीत, ३६ नंतर उशीर होतो. राहून गेलीच तर बाळाला निर्सेव्हिमॅब देतात. ती तयार अँटिबॉडीच, मिटलेल्या छत्रीचं टोक धरणारी.

मंगला: गुरुवारची वेळ मिळालीय तिला. आत्ता तिथे पहाट असेल. उठली की फोन करते.