मदत हवी आहे : मराठी मजकुरातली इटॅलिक लॅटिन नावं

सह्याद्रीतल्या वनस्पतींवरचं मराठी पुस्तक इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) लावतोय. शास्त्रीय नावं कंसात, रोमन लिपीत, इटॅलिकमध्येच (तिरक्या अक्षरांत) हवीत. मराठीला टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट, ११ पॉइंट, ओळींचं अंतर १६ पॉइंट. लॅटिनला ईबी गॅरामाँड इटॅलिक. त्याचं वळण फ्रेंच अक्षरकार ग्राँजाँच्या सोळाव्या शतकातल्या इटॅलिकवरून घेतलेलं, फार देखणं. शक्यतो सोडायचं नाही.

अडचण अशी : ११ पॉइंटला लहान अक्षरं शिरोरेषेच्या बरीच खाली राहतात, नाव पुटपुटल्यासारखं दिसतं. १२.५ केलं तर ती जुळतात, पण पहिलं कॅपिटल शिरोरेषेच्या वर डोकं काढतं. कंस देवनागरी फॉन्टचे, सरळ उभे. ‘स्ट्रोबिलँथेस’चा तिरका एस सुरुवातीच्या कंसाला खाली चिकटतो, वर फट राहते. फॉन्टमधलं तयार कर्निंग (अक्षरजोडीतलं अंतर जुळवणं) दोन वेगळ्या फॉन्टांमध्ये लागत नाही. हेअर स्पेस (अगदी बारीक मोकळी जागा) घातली, तर खालचं चिकटणं गेलं पण वरची फट आणखी वाढली.

ग्रेप स्टाइल (ठरलेल्या नमुन्याचा मजकूर शोधून त्याला आपोआप शैली लावणारी सोय) लावलेली आहे, त्यामुळे आकार एका जागी बदलता येतो. सॅन्स (रेघांना टोकं नसलेला फॉन्ट) नको, फॉन्ट मोफत परवान्याचाच हवा. छपाई ऑफसेट, ७० जीएसएम मॅपलिथो कागदावर, म्हणून फार बारीक रेघाही नकोत.

१२ पॉइंटवर तडजोड करून कंसही इटॅलिक घ्यावेत का, की लहान अक्षरं मुळातच उंच असलेलं दुसरं सेरिफ (टोकं असलेलं) इटॅलिक शोधावं? कोणतं?