‘आय वॉन्ट टू ईट युवर पॅनक्रियाज’: आधी ॲनिमे की लाइव्ह-ॲक्शन?

प्रश्न: या जपानी कथेवरचा २०१७चा लाइव्ह-ॲक्शन (खऱ्या कलाकारांचा) चित्रपट आधी पाहू की २०१८चा ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट)? आणि ‘मला तुझं स्वादुपिंड खायचंय’ असं नाव इतकं भयंकर का?

उत्तर १: ॲनिमेच आधी. तो मूळ जपानी कादंबरीला धरून आहे. लाइव्ह-ॲक्शनमध्ये नायक मोठा होऊन शिक्षक झालेला दाखवलाय, ते मूळ कथेत नाही. नाव भयंकर नाही हो! जो अवयव दुखतो तोच प्राण्याचा खाल्ला की बरं वाटतं, ही जुनी समजूत. नायिका साकुराचं स्वादुपिंड निकामी होतंय, म्हणून ती तसं म्हणते. शेवटी त्याच वाक्याचा अर्थ पार बदलतो.

उत्तर २: जपानी आवाज, सबटायटल्स लावून पाहा. श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका, नंतरही प्रसंग आहे. विकिपीडिया आधी वाचू नका. साकुराचा मृत्यू कसा होतो हे कळलं तर सगळा धक्काच जातो.