मदत हवी आहे: उद्या फोटो द्यायचाय, तीनपैकी एक निवडून द्या

वडाळा_लोकल (शनिवार, रात्री ८:५०)
नमस्कार मंडळी. आमच्या कॅमेरा क्लबची स्पर्धा आहे. फोटो उद्या संध्याकाळी ७ च्या आत पोचवायचाय आणि एकच घेतात. महिनाभर मी या तिघांत अडकलेय, खाली जोडलेत.
१) शिवडीचे फ्लेमिंगो, सकाळचा उजेड, मधल्याने पंख उघडलेत. घरी, ऑफिसात सगळ्यांना हाच आवडतो.
२) सीएसएमटी, जुलैचा पाऊस, रस्त्यावरच्या पाण्यात दिवे.
३) ससून डॉक, कोळंबी सोलणारे हात.
१ देऊन मोकळं व्हावं असं वाटतं, पण ३ डोक्यातून जात नाही. पटकन आकडा सांगा, लांबलचक चर्चेला खरंच वेळ नाहीये.

फोकसराव (८:५८)
विषय काय दिलाय? विभाग आहेत का? प्रिंट द्यायची की प्रोजेक्टरवर दाखवणार? एवढं कळल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं.

निळी_छत्री (९:०१)
१! विचारायचं काय त्यात? काय गुलाबी उतरलाय.

काळापांढरा (९:०६)
माझं ऐका, तिन्ही ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. रंग काढला की फोटोत काय उरतं ते लगेच दिसतं. माझा दादरच्या फुलबाजाराचा फोटो रंगीत होता तेव्हा दोनदा पहिल्याच फेरीत गेला. तोच काळापांढरा करून दिला, तिसरा आला.

निळी_छत्री (९:०९)
फ्लेमिंगोचा गुलाबी काढायचा? मग राहिलं काय?

काळापांढरा (९:११)
आकार राहतो. पंखाची कमान राहते. तीच बघायची असते.

खाडीकाठ (९:१५)
शिवडीला जाताना भरतीची वेळ बघूनच जा. ओहोटीला पक्षी लांब चिखलात चरत असतात, पाणी चढायला लागलं की किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी पोचायचं. साधारण नोव्हेंबर ते मे. तुमच्या फोटोतले लेसर, म्हणजे लहान जातीचे फ्लेमिंगो आहेत, चोच गडद लाल दिसतेय. ग्रेटरची, म्हणजे मोठ्या जातीची, चोच गुलाबी असते आणि फक्त टोक काळं.

फोकसराव (९:१७)
खाडीकाठ, फोटो काढून झालेत हो. कुठला द्यायचा ते विचारतेय ती. आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत.

आबा_गिरगाव (९:२४)
पोरी, घाई करू नकोस. मी पंधरा वर्षं क्लबात परीक्षणाला बसलोय. फोटोंचा गठ्ठा समोर असतो, पहिल्या फेरीत एकेका फोटोला काही सेकंदच मिळतात. तेव्हा असं कर. तिन्ही फोटो मोबाइलवर नखाएवढे करून बघ, कुठल्याकडे डोळा आधी जातो? मग उलटे करून बघ, म्हणजे विषय विसरायला होतो आणि नको तिथला उजळ ठिपका दिसतो. चारही कोपरे बघ.
२ मध्ये डावा कोपरा बसच्या लाल दिव्याने खाल्लाय. आणि ती जागा महापालिकेसमोरची, तिथून सगळेच काढतात. परीक्षकाने तोच पाऊस, तेच दिवे त्याच दिवशी अजून चार वेळा पाहिलेले असणार. मात्र तुझ्या प्रतिबिंबात महापालिकेचा मनोराही आलाय, ते छान. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या. स्टेशन १८८८ चं, महापालिका १८९३ ची.

चष्मेवाला (९:२६)
व्हीटी १८८७ चं ना?

आबा_गिरगाव (९:३०)
१८८७ ला राणीच्या ज्युबिलीला नाव दिलं. काम पुरं व्हायला १८८८ उजाडलं.

पहिला_क्लिक (९:३३)
पक्ष्यांसाठी १५०-६०० लेन्स घ्यायचीय. बोरा बाजारात सेकंडहँड मिळेल का? घेताना काय काय तपासायचं?

वडाळा_लोकल (९:३८)
अरे हो, सांगायचंच राहिलं. विभाग दोन, निसर्ग आणि खुला. मी निसर्गमध्येच देणार होते म्हणून लिहिलं नाही. प्रिंट द्यायचीय, १२ बाय १८ इंच. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, फ्लेमिंगो बराच क्रॉप केलाय. आता सांगा.

फोकसराव (९:४४)
बराच म्हणजे किती? फाइल उघडून आकडे लिही. आणि दुसरं, शिवडीच्या त्या बाजूने अटल सेतू दिसतो. फोटो कधीचा आहे? क्षितिज इतकं स्वच्छ कसं?

वडाळा_लोकल (९:५१)
२१०० बाय १४००. फोटो यंदाच्या फेब्रुवारीतला. मागे पुलाचे खांब येत होते, ते काढले. दिसतही नाही कुठे काही केल्याचं. एवढं सगळेच करतात ना?

फोकसराव (१०:००)
मग निसर्गमध्ये देऊ नकोस. तुमच्या क्लबची नियमावली आत्ता उघड. बहुतेक क्लब एफआयएपी आणि पीएसए या फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थांची निसर्गाची व्याख्या घेतात. त्यात क्रॉप करून जे बाहेर जाईल ते जाईल, बाकी फ्रेममधलं काही पुसायचं नाही, काही आणायचं नाही. उजेड, काँट्रास्ट थोडा सुधारला तर चालतो, खांब पुसलेला चालत नाही. मूळ फाइल मागितली तर काय दाखवशील?
शिवाय हिशेब कर. २१०० भागिले १८, म्हणजे इंचाला ११७ पिक्सेल. मोबाइलवर मस्त दिसेल, पण १२ बाय १८ हातात घेऊन बघणाऱ्याला पिसं मेणासारखी दिसतील. ३ नंबरचा हातांचा फोटो क्रॉप केला नसेल तर २४ मेगापिक्सेलची पूर्ण रुंदी, ६००० भागिले १८, इंचाला ३३३.

काळापांढरा (१०:०४)
खांब काढले म्हणून पक्षी खोटे झाले का? डार्करूममध्येही लोक कोपरे जाळायचेच की, म्हणजे जादा उजेड देऊन काळे करायचे.

खाडीकाठ (१०:१२)
कोपरा काळा करणं आणि पूल नाहीसा करणं एक नाही हो. मी ती खाडी पूल व्हायच्या आधीपासून बघतोय. पूल झाला आणि पक्षी त्याच्यासमोर उतरतात, हीच आज तिथली खरी गोष्ट आहे. वडाळा_लोकल, खांब ठेवून तुम्ही तो खुल्या विभागात दिला असता तर मी १ च म्हटलं असतं. मूळ फाइल पुसू नका, पुढच्या वेळी तीच द्या.

वडाळा_लोकल (१०:१९)
नियमावलीत तसंच आहे. पान ३. मी वाचलंच नव्हतं. मग खुला विभाग आणि ३? पण त्यात डावा हात हललाय, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० वर नेल्याने दाणे आलेत, चेहरा तर नाहीच. परीक्षक म्हणतील शार्प नाही.

निळी_छत्री (१०:२२)
मीही तेच म्हणणार होते. शार्प नाही तर पहिल्या फेरीतच बाहेर. त्यापेक्षा २ द्या, बघताक्षणी आवडतो.

आबा_गिरगाव (१०:३१)
छत्रीताई, काय हललंय ते बघा तरी. उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलीय, तिचा सुटलेला दोरा मोजता येतो. मनगटावर कोळंबीचं एक साल चिकटलंय, हिरव्या बांगडीला बर्फाचा चुरा लागलाय. हे सगळं लखलखीत आहे. हललाय तो फक्त डावा हात, कारण तो सालं फेकतोय. तो थिजला असता तर बाई नुसती कोळंबी धरून बसलीय असं वाटलं असतं. चेहऱ्याची गरज मला कुठेच वाटली नाही. नखाएवढा करून पाहिला तरी दोन हात आणि मधलं पांढरं लगेच ओळखू येतं.
एवढंच सांग पोरी, विचारून काढलास ना?

वडाळा_लोकल (१०:४०)
हो आबा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टात गेले होते, पहाटे साडेपाचला. आधी कॅमेरा पिशवीतच ठेवला, शेजारी बसून राहिले. त्या म्हणाल्या, "काढ गो, पन तोंड नको माजं." म्हणून हातच काढले. एक कॉपी आणून देईन म्हणाले होते, अजून दिलेली नाही. कदाचित त्यामुळेच तो डोक्यातून जात नसेल.

काळापांढरा (१०:४३)
हा तरी ब्लॅक अँड व्हाइट करा. श्रम उठून दिसतील.

फोकसराव (१०:४७)
नको. बांगडीचा हिरवा आणि सालाचा केशरी, फोटोत रंग आहेत ते दोनच. ते काढलेस तर नजर फिरायला जागाच राहत नाही. ब्लॅक अँड व्हाइटला माझा विरोध नाही, या फोटोत नको एवढंच.

निळी_छत्री (१०:५०)
पुन्हा मोठा करून पाहिला. आबा म्हणतात तो दोरा दिसला. माझं मत बदललं, ३. शीर्षक "श्रमदेवता" द्या.

खाडीकाठ (१०:५२)
"कोळंबी, ससून डॉक". बस. त्यांना देवता करू नका, त्या कामावर आहेत.

फोकसराव (११:०१)
आता छपाईचं ऐक. दाण्यांना घाबरू नकोस, स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून दिसतात तेवढे कागदावर दिसत नाहीत. नॉइज काढायच्या नादात चिंधीचा दोरा पुसशील. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून बघ, प्रिंट नेहमी त्यापेक्षा काळपट येते. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत दे. कागद मॅट घे, ग्लॉसीवर बर्फ नुसता चमकत राहील. उद्या आधी हातांच्या भागाचीच ४ बाय ६ ची चाचणी प्रिंट काढ, दारात उजेडात धरून बघ, मगच मोठी काढायला सांग.

पहिला_क्लिक (११:०४)
लेन्सचं कुणी सांगेल का?

खाडीकाठ (११:०९)
वेगळा धागा काढा, मी सविस्तर लिहितो. तूर्त एवढंच, विकत घेण्याआधी टॉर्च लावून आत बुरशी आहे का बघा. मुंबईच्या दमटपणात सेकंडहँड लेन्सला तीच आधी लागते.

वडाळा_लोकल (रविवार, दुपारी १:२०)
चाचणी प्रिंट काळपट आली, थोडी उजळून पुन्हा काढली. आता साल दिसतंय, बांगडीही. १२ बाय १८ च्या दोन सांगितल्यात. एक क्लबात, एक डॉकवर. मावशी पहाटेच भेटतात, म्हणून त्यांची उद्या साडेपाचला. शीर्षक खाडीकाठांनी सांगितलं तेच. प्रिंटच्या मागे नाव, विभाग वगैरे लिहायचंय.

आबा_गिरगाव (१:२६)
प्रिंटवर पेन टेकवू नकोस, दाब पुढे उमटतो. लेबलवर आधी लिही, मग चिकटव. आणि मावशींच्या प्रिंटला प्लॅस्टिकचं पाकीट घाल, तिथे सगळं ओलं असतं.