वस्तऱ्याचा चामडी पट्टा उन्हाळ्यात कडक झाला, तेल कोणतं लावू?

दौलतगंजकर
ग्वाल्हेरच्या मे महिन्याने पट्ट्याची पार वाट लावली. वस्तऱ्याची धार नीट करायचा टांगायचा पट्टा आहे, तीन इंच रुंद, एक पदर चामड्याचा, दुसरा कॅनव्हासचा. वाकवला की चामड्यावर बारीक रेघा उमटतात, पातं नुसतं घसरतं, पकड कशी ती नाही. कडेला दोन ठिकाणी वस्तरा लागून कापलंय, नखाला अडकतं. घरात खोबरेल आहे, मोहरीचं तेल आहे. कोणतं आणि किती लावू?

धारवाला
दोन्ही राहू द्या स्वयंपाकघरात. मोहरीचं हळूहळू चिकट होतं. खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत पट्ट्यावर थर बसायचा. जवसाचं तर हातही लावू नका, ते वाळून रोगणासारखं कडक होतं. शिवाय तेल कुठलंही असो, जास्त मुरलं की चामडं पोचट होतं. पातं त्यात रुततं, चामडं धारेच्या पुढे उचलून येतं आणि धार गोलावते. मग माणूस वस्तऱ्यालाच दोष देत बसतो.

आधी पट्टा साफ करा. फडकं घट्ट पिळून पुसा. काळं निघेल, ती पोलादाची भुकटी आणि जुना मळ. त्याने भागलं नाही तर सॅडल सोपचा (चामडं साफ करायचा साबण) नुसता फेस लावून पुसून घ्या. चामडं भिजता कामा नये. रात्रभर सावलीत टांगा. ऊन नको, हेअर ड्रायरही नको.

मग दाढीच्या साबणाचा दाट फेस करा (डब्यातला फवाऱ्याचा चालणार नाही), चमचाभर घ्या आणि तळहाताने जिरेपर्यंत चोळा. दुसऱ्या दिवशी वर राहिलेली पांढरी पूड पुसा. असं दोन-तीनदा झालं की बहुतेक पट्टे वळणावर येतात. तरीही कडक वाटला तरच नीट्सफूट तेल, चामडं मऊ करायचं. अख्ख्या पट्ट्याला पाच-सहा थेंब, तेही तळहातावर घेऊन, फक्त वरच्या बाजूने. पुढचा थेंब एक दिवस थांबून. बाटलीवर ‘शुद्ध’ लिहिलेलं बघा, ‘कंपाउंड’मध्ये इतर तेलं मिसळलेली असतात.

सान_आणि_पट्टा
कापल्याचं सांगतो. 400 नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि वर आलेला ओठ तेवढाच कोरडा घासा. खड्डा बुजवायच्या नादात आजूबाजूचं चामडं खरवडू नका, तिथे खळगा पडेल. सालपट सुटलं असेल तर खाली चामड्याचा गोंद लावून रात्रभर दाबून ठेवा. कडेची चीर गुळगुळीत झाली की त्रास देत नाही.

पण कापतं का ते बघा. टोकाशी वस्तरा वळवताना पाठ चामड्यावरून उचलली की धार आधी टेकते. पाठ टेकलेलीच ठेवायची, वळायचं ते तिच्यावरच. आणि पट्टा ताणून धरा, झोळ पडला तरी धार गोलावतेच.

दौलतगंजकर
आभार. नीट्सफूट गुराढोरांच्या पायांपासून काढतात ना? घरी चालणार नाही. आणि पट्टा कूलरसमोरच्या खुंटीवर असतो, त्याने फरक पडतो का?

धारवाला
पडतो तर! कूलर चालू असताना दमट, बंद झाला की पुन्हा लूचा कोरडेपणा. या आकसण्या-फुगण्यानेच रेघा पडतात. खुंटी आतल्या भिंतीला न्या. न्हाणीघरात मात्र नको, पावसाळ्यात बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवा.

तेलाचं म्हणाल तर (चामडं चालतं आणि तेल चालत नाही, हा घरचा कायदा आपण मोडायचा नाही) फेसावरच भागवा. फक्त साबणाच्या वेष्टनावर ‘टॅलो’ आहे का पाहा, तीही जनावराची चरबीच. रोज वस्तरा फिरवण्याआधी कोरड्या, स्वच्छ तळहाताने मिनिट-दोन मिनिटं जोर लावून चोळा, चामडं कोमट लागेपर्यंत.

सान_आणि_पट्टा
एक राहिलं. पकड यावी म्हणून कुणी हिरवी पेस्ट लावायला सांगेल. ती क्रोमियम ऑक्साइडची, धार घासणारी. रोजच्या चामड्यावर एकदा बसली की पुरती निघत नाही. लावायचीच तर वेगळ्या पट्टीवर लावा. आणि रेघ आरपार गेली असेल, वाकवल्यावर तोंड उघडत असेल, तर फेस-तेल वाया घालवू नका. चामड्याचा पदर बदला, कॅनव्हास तोच चालेल.